बॉलपेनने उतरवलेल्या एकेचाळीस ओळी

मामींचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते आणि माझा माइक बंद होता. बारामतीच्या आमच्या घरात, माझ्या खोलीत, सकाळचे साडेनऊ वाजले होते. मामी नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "विदू, तुझं मामा गेलं गं. यष्टीला जायचं म्हणून कापडं घालून ओट्यावर बसलं हुतं. मी चहा घिऊन आले तर..." समोरच्या पडद्यावरच्या सहा चौकटींतल्या एकाने माझं नाव घेऊन विचारलं, माझ्याकडे काही नवीन आहे का. मी माइक सुरू केला, "काही नाही" असं इंग्रजीत म्हटलं, आणि माइक पुन्हा बंद केला. मीटिंग संपायला अजून अकरा मिनिटं होती. ती अकरा मिनिटं मी तशीच बसून राहिले. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं की तिचा मोठा भाऊ गेला. या गोष्टीला आता अडीच महिने झाले. त्या अकरा मिनिटांबद्दल मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

ज्ञानदेव सखाराम हे माझ्या मामांचं नाव. डाळज या त्यांच्या गावात त्यांना ज्ञानबा म्हणत. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर शेतकऱ्यांची एक सहकारी उपसा योजना आहे. धरणाचं पाणी मोटारीने उचलायचं आणि पाइपांतून सभासदांच्या उसाला पाळीपाळीने द्यायचं, एवढं तिचं काम. तिथे ते तीस वर्षांहून अधिक काळ ऑपरेटर होते. पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली, तिच्यात पॅनेल, बाहेर मोटारी आणि समोर पाणी. लहानपणी सुट्टीत आईबरोबर मी डाळजला जायची तेव्हा मामेभावंडं माझ्या मराठीला हसायची. मला एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक अजूनही पटकन कळत नाही. मामा हसत नसत. ते मला मोटारीवरच्या धातूच्या पट्ट्या वाचायला लावत. त्या इंग्रजीत असत आणि तेवढं मला येत असे. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्या पट्ट्या पाहून पाहून त्यांची सगळी अक्षरं पाठ झाली होती. शब्द कळत नसत, अक्षरं मात्र एकूण एक ओळखता येत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्यांनी काम थांबवलं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिससाठी ते जवळच्या भिगवणहून एसटीने बारामतीला येऊ लागले. स्टँडवरून त्यांना स्कूटरवर घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. माझी नोकरी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, प्रोग्रॅमच्या चाचण्या घेण्याची. सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं तेव्हा मी बारामतीला परत आले आणि मग आले ती आलेच. घरी सगळ्यांना ते बरं वाटतं. मुलगी डोळ्यांसमोर आहे, बघायला कुणी आलं तर घरात आहे. खोलीचं दार मात्र अर्धं उघडं ठेवायचं असा आईचा नियम. त्यामुळे मामांबरोबर दवाखान्यात चार तास बसणं हे माझं घराबाहेर पडण्याचं एकमेव कारण होतं, ज्याबद्दल कुणी काही विचारत नसे. ते खुर्चीत, डावा हात न हलवता, रक्ताच्या दोन नळ्या मशीनला जोडलेल्या. मी शेजारच्या स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप. ज्या माणसाने जन्मभर शेकडो एकरांना पाणी पाजलं त्याला आता दिवसाला मोजून तीन पेले पाणी प्यायची परवानगी होती. ते यावर कधी बोलले नाहीत. एकदाच भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत म्हणाले, "हिचा रिमोट कुनाकडं हाय कुनास ठावं. दोन महिनं झालं, तीच बाई तीच भाजी करतीय."

त्याच सुमारास योजनेच्या समितीने पंपघरात एक छोटा संगणक बसवून घेतला. कुठल्या वेळेला पाइपांच्या कुठल्या ओळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, मोटार कधी चालू-बंद करायची, हे तो ठरवणार, आणि मामांनी त्याच्यावर लक्ष ठेवायचं. काही दिवस ठीक चाललं. मग एका दुपारी तो थांबला. बंद पडला नाही, दिवे लागलेले, पडद्यावर आकडे दिसत होते, पण ते हलत नव्हते, आणि हे कळायलाच वेळ गेला. एकाच्या उसात पाणी तुंबलं आणि पाइपाच्या शेपटाकडच्या लोकांची पाळी कोरडी गेली. मामांनी मागचं बटण दाबून तो बंद करून पुन्हा चालू केला आणि तो जणू काही घडलंच नाही असा चालू लागला. वीस-पंचवीस दिवसांनी पुन्हा तसंच. बसवणारा माणूस पुण्याहून आला, त्याने मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदी तपासल्या आणि समितीला सांगितलं की मशीनमध्ये काहीही दोष नाही. मशीन थांबल्यावर बराच वेळ कुणी त्याला हातसुद्धा लावलेला नाही, एवढंच त्यातून दिसतं. दुपारची वेळ, जेवण झालेलं, आजारी माणूस. समितीचे अध्यक्ष तात्या सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्ञानबा, झोप लागली आसंल तर सांग की. मानूसच हाय तू बी." सगळे हसले. तात्यांनी ते प्रेमानेच म्हटलं होतं, आणि मामांना तेच लागलं.

"झोपलो असतो तर सांगितलं असतं," ते मला पुढच्या शुक्रवारी म्हणाले. "हे आता न्हाय म्हनलं तरी झोपलो, आन् व्हय म्हनलं तरी झोपलो."

मी त्यांना विचारलं, नक्की काय दिसलं. त्यांनी सांगितलं ते ऐकून मला वाटलं की हा त्या बसवणाऱ्याच्या प्रोग्रॅमचा दोष नसावा, त्याच्या खालच्या थराचा असावा. प्रत्येक संगणकाच्या तळाशी ऑपरेटिंग सिस्टीमचा एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. वरच्या सगळ्या प्रोग्रॅमना कधी काय मिळायचं ते तो ठरवतो. मामांना हे मी सांगायला लागले तर मधेच म्हणाले, "म्हंजी पाटकरीच की." कालव्याचं पाणी कुणाला किती वेळ सोडायचं ते पाटकरी ठरवतो. मला इतक्या वर्षांत यापेक्षा चांगलं कुणी समजावलेलं नाही. पाटकरीच थिजला तर वरचे सगळे हात बांधल्यासारखे उभे. हा कर्नल जगभरातले लोक मिळून लिहितात, बरेच जण आपापल्या वेळात, आणि त्यात दोष सापडला तर त्यांना ईमेलने कळवायचं असतं. ती पत्रं हजारो लोक वाचतात. मला शाळेत वर्गात हात वर करायचीही भीती वाटायची. तरी मी लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं, की आमच्याकडे हे घडवून पाहता येत नाही, अधिक माहिती द्या. मी लॅपटॉप मिटला. मला वाटलं, मला वर्गाबाहेर काढलं. मामांनी विचारलं तेव्हा मी माझं पत्र त्यांना मराठीत वाचून दाखवलं, त्यात 'मशीन कधीकधी थांबतं' असं होतं.

"बरोबर हाय त्याचं," मामा म्हणाले. "कदीकदी म्हंजी काय? आमच्या हितं कुनी आलं आन् म्हनलं, कदीकदी पानी येत न्हाय, तर मी बी हाकलीन त्याला. कवा येत न्हाय, कुठल्या व्हॉलला, आदी कोन घेत हुतं... दिसलं तेवढं लिहावं. पन दिसलं तेवढं सगळं लिहावं."

त्यांनी शंभर पानी वही केली. पुढच्या पाच महिन्यांत मशीन सात वेळा थांबलं आणि सातही वेळा त्यांनी लिहून ठेवलं. वार, वेळ, कुठली ओळ चालू, पाण्याची पातळी, वारा होता का, आपण काय करत होतो. सातव्या नोंदीनंतर त्यांनी वही माझ्याकडे दिली आणि एका पेनड्राइव्हवर मशीनच्या नोंदीही. मी घरी बसून दोन्ही शेजारी ठेवल्या. मामांच्या सगळ्या वेळा पूर्ण तासाच्या होत्या. अकरा वाजता, एक वाजता, तीन वाजता. आणि मशीनची शेवटची नोंद प्रत्येक वेळी त्याच्या दहा मिनिटं आधीची होती. अकराला दहा कमी. एकला दहा कमी. तीनला दहा कमी. जो माणूस घडलं तेव्हाच लिहितो त्याच्या सातही वेळा इतक्या गोल कशा असतील? जो मागाहून आठवून लिहितो त्याच्याच असतात. आणि ती दहा मिनिटं तो कुठे होता? चाचण्या घेणं हे माझं काम आहे. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर माणसाची चुकीची धरायची आणि मशीनची बरोबर, ही सवय मला पगार देऊन लावलेली आहे. मी ठरवून टाकलं की मामांना डुलकी लागत होती आणि जाग आल्यावर त्यांनी जवळचा तास लिहून टाकला. त्यांच्या वयाला, त्यांच्या आजाराला ते शोभूनही दिसत होतं.

मी त्यांना हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच मिनिटाला उलगडा झाला असता, हे आज कळतं. मी फक्त विचारायचं बंद केलं. मंगळवारी म्हटलं, कंपनीचं काम फार आहे. शुक्रवारी म्हटलं, अजून पाहिलं नाही. तीन आठवडे. त्या खुर्चीतून त्यांना उठता येत नव्हतं आणि स्टुलावरून मला. चार तास दोघं एकमेकांच्या हाताच्या अंतरावर, मधे ती वही माझ्या बॅगेत. एकदा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग टीव्हीकडे पाहत म्हणाले, "आज दुसरी भाजी हाय वाटतं."

दिवाळीत भाऊबीजेला आई आणि मी डाळजला गेलो. मामा त्या दिवशीही पंपावर होते, म्हणून मामींनी डबा देऊन मला तिकडे पाठवलं. मी दारात पोचले तेव्हा पाळी बदलायची वेळ झाली होती, तीन-चार सभासद बाहेर उभे होते. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बरोबर एक वाजला होता, पाणीपातळी वाचायचं बटण दाबलं आणि बाहेरच्याला खूण केली. त्याने हाताने चालू करायची दुसरी मोठी मोटार सुरू केली. पत्रा थरथरला. मी सहज फोन पाहिला. बारा पन्नास.

"मामा, तुमचं घड्याळ पुढे आहे," मी म्हटलं.

"हायच की," ते डबा उघडत म्हणाले. "दहा मिन्टं. पैल्यापास्नं. बरोबर येळ दावली की लोकं दहा मिन्टं उशिरा येत्यात, मंग पाळीवरनं भांडनं. हितं समद्या गावाला म्हाईत हाय."

सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणूनच कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मामांनी वहीत वेळा लिहिल्या त्या त्या घड्याळाच्या, आणि मी विचारल्या नव्हत्या. मी दाराशी उभी होते आणि माझ्या डोक्यात ते सातही आकडे आपापल्या जागी बसत गेले. मामांनी प्रत्येक वेळ ज्या मिनिटाला घडलं त्याच मिनिटाला लिहिली होती. तास गोल होते कारण मशीन फक्त पाळी बदलतानाच थांबत होतं. मोठी मोटार सुरू होताना वीज दचकते, पातळी मोजणाऱ्या तारेचा जोड क्षणभर तुटतो, आणि नेमक्या त्याच क्षणी मामांचं बोट बटणावर असेल तर कर्नलमधली दोन कामं एकमेकांसमोर अडकतात. एकाला दुसरं संपल्याशिवाय सोडता येत नाही आणि दुसऱ्याला पहिलं. मशीनच्या घड्याळाप्रमाणे ती वेळ नेहमी तासाला दहा कमी होती. पंपघरातल्या घड्याळाप्रमाणे ती नेहमी तासावर होती. मी मामांना मोटार आणि बटणाचं सांगितलं, बाकीचं गिळलं. ते जेवता जेवता म्हणाले, "म्हंजी शिवेवरच्या अरुंद रस्त्यात दोन ट्रॅक्टर समोरासमोर. दोन्हीला मागं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. दोन ट्रॉल्या असल्या की मागं घेता येत न्हाय. बसा मंग बगत एकमेकांकडं."

मग हात धुऊन त्यांनी विचारलं, "आता ते लोक मानतील का?"

मी म्हटलं, एवढ्याने नाही. मशीन अडकलेलं असताना ते तसंच ठेवावं लागेल. तोवर प्रत्येक वेळी त्यांनी थोड्या वेळाने बंद-चालू केलं होतं, कारण बाहेर लोक उभे असत, आणि त्याबरोबर आतली सगळी खूण पुसली जात होती. कर्नलला विचारण्याची एक सोय असते, ठरावीक कळा एकत्र दाबल्या की कोण कुणाची वाट पाहत थांबलंय ते तो पडद्यावर लिहून देतो. त्या कळा मी त्यांना शिकवल्या. पडद्याचे फोटो काढायलाही.

महिनाभराने एका मंगळवारी ते एसटीतून उतरले ते प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून. आत फुलस्केपचे चार कागद होते. आदल्या दिवशी अकराच्या पाळीला मशीन थांबलं. त्यांनी कळा दाबल्या, पडदा अक्षरांनी भरला. फोटो काढायला गेले तर पत्र्यातल्या फटींतून ऊन पडद्यावर पडून नुसता पांढरा गोळा येत होता. तेव्हा त्यांनी आतून कडी लावली, पाळ्यांच्या नोंदवहीतले मोठे कागद घेतले आणि पडद्यावरचं सगळं बॉलपेनने उतरवून काढलं. एकेचाळीस ओळी. इंग्रजी अक्षरं, मधे लांबलचक आकडे, एका शब्दाचाही अर्थ माहीत नसताना. शून्याच्या पोटात रेघ, म्हणजे ते 'ओ' अक्षर समजू नये. तासभर लागला. बाहेर लोक दार वाजवत होते, तात्यांना फोन गेले होते, एकाच्या रानात पाणी बांधावरून वाहत होतं.

"तुम्ही दार का नाही उघडलं?" मी विचारलं.

"उघडलं असतं तर कुनीतरी मागचं बटन दाबलं असतं," ते म्हणाले. "शिव्या तर पडल्याच. सभासदातला सायेबराव म्हनला, ज्ञानबा, आज कडी लावून झोपलास व्हय रं."

तात्यांनी संध्याकाळी घरी येऊन त्यांना सांगितलं होतं की उद्यापासून येऊ नका, विश्रांती घ्या. तीस वर्षांचं काम अशा आवाजात काढून घेतलं की त्यावर भांडताही येऊ नये. दवाखान्यात नर्सने सुया टोचल्या, डायलिसिसचं मशीन सुरू झालं, आणि मामांनी उजव्या हाताने ते कागद माझ्या मांडीवर सरकवले. "बग जरा. सतराव्या वळीत एक अक्षर आडलंय. बी हाय का आठ, ते मला खात्रीनं न्हाय सांगता येत. तसं लिही त्यांना."

मी तसंच लिहिलं आणि कागदांचे फोटो जोडले. यावेळचं पत्र आम्ही दोघांनी त्या खुर्चीशी बसून तयार केलं. ते सांगत, मी इंग्रजीत लिहायची, मग पुन्हा मराठीत वाचून दाखवायची. 'बहुतेक' हा शब्द त्यांनी तीनदा खोडायला लावला. अशा पत्रात शेवटी एक ओळ असते, दोष कुणी कळवला त्याचं नाव. मी त्यांचं नाव घातलं. त्यांनी ते अक्षर अक्षर पाहिलं आणि विचारलं, "गाव न्हाय लागत?" मी म्हटलं, नाही. "बरं."

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी स्कूटरवर बसताना ते एकच विचारत, "आलं का काय?" आणि मी म्हणायची, नाही. ते मला धीर देत, "पाटकऱ्याकडं गर्दी आसंल." काम सुटल्यावर ते झपाट्याने खंगले. घरी कुणी पाळी विचारायला येत नव्हतं. गावात कुणी वाईट बोलत नव्हतं, उलट सगळे मऊ बोलत. पारावर कुणी जांभई दिली तरी आपल्याकडे पाहून दिली असं वाटतं, असं एकदा मला म्हणाले आणि स्वतःच हसले. पत्र पाठवल्याला एकवीस दिवस झाले होते तेव्हा ते ओट्यावर बसल्या बसल्या गेले.

उत्तर बाराव्या दिवशी आलं. बारावं आटोपून आम्ही डाळजहून परतत होतो, गाडीत मागच्या सीटवर मी फोन पाहिला. कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्या माणसाने लिहिलं होतं की हाताने लिहिलेली अशी नोंद मला प्रथमच मिळाली, तिच्यामुळे दोन तासांत दोष सापडला. सतराव्या ओळीतलं ते अक्षर 'बी' आहे. हा दोष त्या भागात बरीच वर्षं होता, बऱ्याच लोकांना तो अधूनमधून भेटलेला असणार, पण कुणी त्याला धरून ठेवलं नव्हतं. सोबत दुरुस्ती होती आणि तिच्याखाली, कळवणाऱ्याच्या जागी, मामांचं नाव. ज्यांनी हे पाहिलं त्यांनी ही दुरुस्ती त्याच मशीनवर घालून पाहावी आणि थांबतं का ते कळवावं, अशी त्याची विनंती होती. आई पुढच्या सीटवर होती. मी तिला काही सांगितलं नाही. इंदापूरच्या बाजूने उसाने भरलेल्या ट्रॉल्या येत होत्या, त्यामागे आमची गाडी बराच वेळ अडकली.

दुरुस्ती घालायची तर समितीची परवानगी हवी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून कुणाला फोन केला. तात्या म्हणाले, शनिवारी पंपावर ये, सगळेच असतील. मामीही आल्या, दाराशी उभ्या राहिल्या. मी कागदावर लिहून नेलं होतं ते वाचलं. मोटार, बटण, तारेचा जोड, दोन ट्रॅक्टर. मशीनमध्ये दोष होता, तो आता सापडला आहे, आणि जगभरच्या मशीनमध्ये ही दुरुस्ती मामांच्या नावाने जाणार आहे. नवा ऑपरेटर पॅनेलपाशी हात बांधून उभा होता.

"म्हंजी ज्ञानबा झोपला नव्हता," तात्या म्हणाले.

"नाही."

"एकदा बी?"

"एकदाही नाही."

"मंग पोरी, तवाच का न्हाय सांगितलं आमाला?" त्यांचा आवाज चढला नव्हता, फाटला होता. "आमी अडानी, आमाला ह्या डब्यातलं काय कळतंय? तू शिकल्याली हायेस. तू येऊन सांगितलं असतंस तर ऐकलं असतं की. त्याच्या म्होरं म्हनलो असतो मी, चुकलं माझं म्हनून..."

माझ्याकडे उत्तर होतं. असे दोष सिद्ध व्हायला वेळ लागतो, बाहेरच्या लोकांचं उत्तर आपल्या हातात नसतं. सगळं खरं होतं आणि कागदाच्या मागच्या बाजूला मी ते लिहूनही ठेवलं होतं. मी तो कागद दुमडला.

"तात्या, मलाही वाटलं होतं ते झोपले होते," मी म्हटलं. "वही माझ्याकडे होती. तीन आठवडे मी काही केलं नाही. ते तीन आठवडे वाचले असते तर उत्तर त्यांच्या हयातीत आलं असतं."

मी मामींकडे पाहिलं नाही. त्यांचाच आवाज आला. "त्यांस्नी कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "मला म्हनलं, पोरीनं इचारायचं सोडलं." मग म्हणाल्या, "दुसरं काय न्हाय म्हनलं." आणि पदर सावरत घराकडे गेल्या.

तात्यांनी परवानगी दिली. दुरुस्ती घातली. तेव्हापासून मशीन थांबलेलं नाही. पण जे महिन्यातून एकदा थांबत होतं ते दोन महिने थांबलं नाही म्हणून ते बरं झालं असं म्हणता येत नाही. कधी म्हणता येईल हेही कुणी सांगू शकत नाही. तिकडे मी एवढंच लिहिलं आहे, की इतक्या पाळ्या बदलताना मी स्वतः पाहिल्या, त्यांत थांबलं नाही, पाहणं चालू आहे. दर शनिवारी मी स्कूटरने डाळजला जाते. घरी सांगितलंय की काम आहे. नवा ऑपरेटर मला ताई म्हणतो आणि मी आले की जेवायला जातो.

गेल्या शनिवारी पहिल्यांदाच मी डबा तिथेच खाल्ला. पत्रा तापलेला होता, मोटारीचा एकसुरी आवाज अंगात उतरत होता, आणि स्टुलावर बसल्या बसल्या माझे डोळे मिटायला लागले. मी सत्तावीस वर्षांची आहे, मला काही आजार नाही. तोंडावर पाणी मारलं तरी पापण्या जड. मग पॅनेलच्या बाजूला, दाराआडच्या भिंतीवर मला एक काळपट, तेलकट डाग दिसला. खांद्याच्या उंचीला, दोन वीत रुंद. चुना तिथे गुळगुळीत झाला होता, आणि खाली फरशीवर दोन पावलांएवढी जागा झिजून उजळ झाली होती. तिथून पडदा, बटण आणि बाहेरची मोटार तिन्ही एकदम दिसतात. स्टुलावरून दिसत नाहीत.

ऑपरेटर परत आला तेव्हा मी विचारलं, हे काय आहे. "ज्ञानबारावांची जागा," तो म्हणाला. "बसायचे न्हाईत ते पाळी बदलूस्तवर. बसलं की झोप येती म्हनायचे."

पाळी बदलायला पाच मिनिटं होती. मी उठून तिथे उभी राहिले. माझा खांदा डागाच्या खालच्या कडेपाशी येतो.